हंबीररावांना न चावलेलं पायताण

मी कोल्हापुरी पायताण बोलतोय. जोडातला उजवा. भरात होतो तेव्हा माझ्या कर्रकर्र आवाजानं आख्खं कळंबा जागं व्हायचं. पोरं अभ्यासाला बसायची, सुना पदर सावरायच्या आणि तळ्यावरचे बगळे उडून जायचे.

बरं, आख्खं कळंबा नव्हे. आमची गल्ली. गल्लीतली सुद्धा तीनच घरं. त्यातल्या एकाला कायम कुलूप, दुसऱ्यातल्या धोंडुबाईंना ऐकू येत नव्हतं, आणि तिसरं घर आमचंच. बगळे मात्र उडायचे. ते तसे कशानंही उडतात.

माझं शिक्षण म्हणाल तर अर्धं. यल्लाप्पाच्या घरी पायताणं गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं यायची, ती मधोमध फाडलेली. त्यामुळं प्रत्येक बातमीची मला एकच बाजू ठाऊक. पण अर्धं शिकलेल्याचं एक बरं असतं, त्याला पूर्ण शिकलेल्यांना हसायला वेळ मिळतो.

माझा जन्म एकोणीसशे नव्याण्णव सालचा, दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस. त्याआधी मी म्हैस होतो, पण त्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही, नुसतं रवंथ. यल्लाप्पानं मला कापलं, ठोकलं, शिवलं. त्याच्या बायकोनं, मीनाबाईनं, माझ्या पट्ट्यावर वेणी घातली. तिची बोटं अशी चालायची की बोलता बोलता वेणी पुरी व्हायची आणि बोलणं अर्धं राहायचं. तळव्याच्या दोन थरांत यल्लाप्पानं आवाज करणारी गंमत बसवली. तिला विंचू म्हणतात. विंचू नुसता वाजतो. डंख मारायचं काम आम्ही स्वतः करतो.

व्हय, आम्ही चावतो. नवंकोरं कोल्हापुरी पायताण पहिले आठ दिवस चावणारच. अंगठा अडकवायची जी वादी असते, तिथं माझा खरा दात. खुंटीवर लटकत होतो तेव्हा घालून बघणाऱ्या प्रत्येकाला मी चावून घेतलं. एका पैलवानाला चावलो, तो आईला हाक मारत खाली बसला. एका मास्तरांना चावलो, त्यांनी मला शुद्ध भाषेत शिव्या दिल्या. मला त्यातल्या निम्म्याच कळल्या. डावा माझा जुळा भाऊ, पण स्वभावानं गरीब. तो नुसता चिमटा काढायचा. चावायची मजा घ्यावी ती मीच.

अशात हंबीरराव आले.

वय चोपन्न. पोट आधी आत आलं, मिशा नंतर, आणि माणूस सगळ्यांत शेवटी. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका साखर कारखान्यात उसाचा रस तापवायच्या नळ्यांवर त्यांचं काम होतं. बारा वर्षांपासून अंगात साखर. कुणी विचारलं तर छाती काढून सांगायचे, "साखर कारखान्यात काम करणाऱ्याला साखर असणारच की. न्हायतर लोक म्हणतील, ह्यो कामावर जातोय का न्हाय?" गोळी आठवली तर घ्यायची. बिडी मात्र कधी विसरायची नाही.

यल्लाप्पानं त्यांच्या पायात मला सरकवलं आणि म्हणाला, "पावणं, आठ दिस चावंल. तेल लावा, दमानं घ्या. नवव्या दिशी बी चावलं तर माझ्याकडं या."

मी दात परजून तयारच होतो. पहिल्याच पावलाला अंगठ्याच्या खालच्या अंगाला असा चावलो की तो मास्तर असता तर त्याची शुद्ध भाषा सुटली असती.

हंबीरराव हसले. "लोणी हाय की लोणी!"

मला वाटलं, माणूस सोंग करतोय. कोल्हापुरात पायताण चावलं म्हणून ओरडणं म्हणजे नाक कापून घेणं. दुसऱ्या पावलाला आणखी जोर लावला. माणूस शीळ घालत निघाला. कळंब्यापर्यंत मी चावतोय आणि हा शीळ घालतोय! डाव्याला म्हटलं, "तू तरी बघ." त्यानं जन्मात पहिल्यांदा जोर लावला. काही नाही. सांगतो तुम्हाला, चावणाऱ्याचा याहून मोठा अपमान दुसरा नाही.

तिसऱ्या दिवशी हंबीरराव मिरवत यल्लाप्पाच्या दारात. "यल्लाप्पा, हात दे! चावलंच न्हाय की!"

यल्लाप्पा हातातली आरी तशीच धरून त्यांच्याकडं बघत राहिला. "चावलं न्हाय?"

"एकदा बी न्हाय. पाय कुणाचा हाय!"

दसरा होईपर्यंत ही बातमी कारखान्यावर, एसटीत, पानाच्या टपरीवर, सगळीकडं पोचली. हंबीरराव पाय पुढं करून दाखवायचे. चार जण यल्लाप्पाकडं येऊन म्हणाले, "हंबीररावांस्नी दिलंसा तसलं न चावणारं द्या." त्यानं दिलं. चौघंही दुसऱ्या दिवशी लंगडत परत आले. माझ्या भावांनी माझं नाव राखलं म्हणायचं.

आता खरं सांगतो. वादी आतून ओली झालेली मला पाचव्या दिवशीच कळली होती. पण घरी कुणाला दिसणार? पोटापायी हंबीररावांना स्वतःचा अंगठा दिसून दोन वर्षं झाली होती. नळाखाली पाय धरायचे, वरनं पाणी, झालं. जखम खालच्या बाजूला. तिला हाक मारायची सवय नव्हती, आणि मला तर तोंडच नाही, नुसते दात.

मग तो दूध कट्ट्यावरचा दिवस आला. गंगावेशीत लोक संध्याकाळी म्हशीची धार समोर काढून घेतात आणि तिथंच पेला रिकामा करतात, तो कट्टा. तिथल्या म्हशी बघून मला मागच्या जन्मीचं गणगोत भेटल्यासारखं झालं होतं. हंबीररावांनी दूध प्यालं, मिशा पुसल्या आणि चालू लागले.

मी तिथंच राहिलो. पायातनं कधी निसटलो, त्यांना पत्ताच नाही. एका पायात डावा, दुसरा पाय उघडा, आणि साहेब ऐटीत चाललेत. डावा तरी ओरडला का? छे! तो मान खाली घालून कर्रकर्र करत गेला. एका बाजूनंच आवाज येतोय, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

धारवाला ओरडला, "ओ पावणं! पायताण इसारला की हितं!"

हंबीरराव तोवर चौक ओलांडून गेले होते. खडीवरनं. कुणीतरी धावत जाऊन थांबवलं तेव्हा त्यांनी पाय पुढं करून बघितलं, मग हसले. "सैल झालंय." घरी येऊन हाच किस्सा रंगवून सांगितला. खडीवरनं अनवाणी कसा गेलो, आणि लोक कसे बघत राहिले.

त्यांची बायको शालूबाई चुलीपाशी होती. ती हसली नाही. मी तिला फार भितो. ती कमी बोलते आणि बोलली की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागते.

"अवो, खडी टोचली न्हाय तुमास्नी?"

"आपला पाय म्हंजे दगड हाय."

"दगडालाच इचारतोय मी," ती म्हणाली. पण तिलाही वाटलं, पायताण सैलच झालं असंल. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन ती यल्लाप्पाकडं आली. "मामा, वादी आवळून द्या. पायातनं निसटतंय."

यल्लाप्पानं मला हातात घेतलं. वादीत बोट घातलं, बाहेर काढलं, उजेडात धरलं. बोटाला तांबूस काळं लागलं होतं. मीनाबाईची वेणी घालणारी बोटं थांबली. ती थांबलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

"सैल न्हाय ही," यल्लाप्पा म्हणाला. "घट्ट हाय. रगत प्यालीया. पाय वर करा, हंबीरराव."

पाय वर झाला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, कडा काळी. शालूबाईनं तोंडावर पदर धरला.

"दुखत न्हाय की," हंबीरराव म्हणाले. पण या वेळी आवाज बारीक होता.

यल्लाप्पानं मला मांडीवर ठेवलं. "चाळीस वर्सं पायताणं करतोय. माझं पायताण चावलं न्हाय असं सांगणारा तुमच्या आदी एकच माणूस बघितला. आमचा थोरला आण्णा. त्येला बी साखर. त्येला बी चावलं न्हाय. आमी हसलो. मग पाय गुडघ्यापतोर गेला."

"पाय गेल्यावर माणूस मरत न्हाय," हंबीरराव म्हणाले.

"पायानं न्हाय मेला. सहा म्हैन्यांनी छातीनं गेला. बसल्या जागी."

शालूबाईनं मला पिशवीत घातलं, नवऱ्याला रिक्षात घातलं, आणि तडक दवाखाना.

आता दवाखान्याची रीत तुम्हाला ठाऊक. पायताणं बाहेर. देऊळ असो, शाळा असो, आमची जागा उंबऱ्याच्या अलीकडं. जगातलं सगळं ज्ञान आम्ही दाराच्या फटीतनं ऐकलेलं. पण डॉक्टर प्रसेनजीत नावाचा हा चष्मेवाला गडी जखम बघताच म्हणाला, "काका, पायात काय घालता? ते आत आणा."

आत! मला! टेबलावर कागद अंथरला आणि त्यावर मला बसवलं. पिशवीत डाव्याला अंधार आणि मी डॉक्टरांच्या शेजारी. कागद आख्खा होता, पण वाचायला सवड कुणाला?

डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड दोरा काढला. "डोळे मिटा. पायाला टोचलं की 'व्हय' म्हणा."

"व्हय!" हंबीरराव.

डॉक्टर अजून चष्मा पुसत होते.

मग त्यांनी टाचेला दोरा टोचला, चवड्याला टोचला, अंगठ्याला टोचला. हंबीरराव गप्प. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुरू कवा करणार?"

मला हसू फुटलं असतं. पण शालूबाईचा चेहरा दिसला आणि विंचूसुद्धा गप्प बसला.

डॉक्टरांनी पायाच्या वरच्या अंगाला दोन बोटं ठेवली. इकडं सरकवली, तिकडं सरकवली. बराच वेळ काहीतरी शोधत होते.

"काय हुडकताय?" शालूबाईनं विचारलं.

"नाडी. इथं ठोका लागायला हवा. डाव्या पायाला बारीक लागतोय. उजव्याला लागत नाही." त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "काका, दोन भानगडी आहेत. एक, साखरेनं पायाच्या संवेदना मेल्यात, म्हणून पायताण चावलेलं कळलं नाही. दुसरी त्याहून मोठी. रक्ताच्या नळ्या आतनं अरुंद झाल्यात. रक्तच पोचत नाही, तर जखम भरणार कशी? तुम्ही कारखान्यात काय करता?"

"रस तापवायच्या नळ्या बघतो."

"त्या नळ्यांना काय होतं?"

हंबीररावांना धीर आला. हा त्यांचा विषय. "आतनं खर धरतोय की, भांड्याच्या बुडाला कडक थर धरतोय तसा. रस जायचा बंद होतो. मग आमी मिल थांबवतो आन् एकेक नळी खरवडून काढतो."

"तसाच खर तुमच्या नळ्यांत धरलाय."

"मग खरवडा की!"

"माणूस बंद ठेवून खरवडता येत नाही, काका." डॉक्टर हसले, पण लगेच थांबले. "आणि एकाच नळीत खर धरून बाकीच्या स्वच्छ राहिल्यात, असं कधी बघितलंय?"

हंबीरराव विचार करू लागले. मग हळूच म्हणाले, "न्हाय. एकीत धरला म्हंजे समद्यांत धरतोय. कमी-जास्त."

"तेच. पायाची नळी, हृदयाची नळी, मेंदूची नळी, सगळीकडं एकच रक्त फिरतं. छातीत कधी दुखलं?"

"दगडी छाती हाय आपली."

डॉक्टरांनी दगडी छातीला वायरी लावल्या. यंत्रातनं कागदाची लांब पट्टी आली. ती त्यांनी दोनदा बघितली. "काका, मागच्या वर्षा-दोन वर्षांत कधी खूप घाम आला होता? दम लागला होता? उलटी?"

"न्हाय बा."

"आलता की!" शालूबाई उठून उभी राहिली. "गेल्या हंगामात. कामावरनं आलं ते सदरा पिळून काढावा इतका घाम. भिंतीला टेकून बसलं. आमी म्हटलं पित्त हाय. सोडा पाजला."

"ते पित्त नव्हतं, काकू. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय. साखरेच्या माणसाला कधी कधी दुखत नाही. पायाचं दुखणं कळलं नाही, तसंच छातीचं कळलं नाही."

मी टेबलावर बसून ऐकत होतो. इतके दिवस मला वाटायचं, या माणसाला चावणारा मी एकटा. माझ्याआधीच आतनं कुणीतरी चावून गेलं होतं, माझ्याहून मोठ्या दातांचं. त्यालाही हंबीरराव हसलेच असणार.

"पाय कापणार काय?" हंबीररावांनी विचारलं.

"पाय वाचवायचा बघू. मला भीती पायाची नाही. साखर आहे पण नळ्या बऱ्या आहेत अशा माणसापेक्षा, नळ्यांत असा खर धरलेल्या माणसाला मरणाचा धोका जवळपास दुप्पट. दोन-तीन ठिकाणी धरला तर आणखी. आणि जीव जातो तो बहुतेक हृदयानं नाहीतर अर्धांगवायूनं. पाय नुसता आधी सांगायला येतो. तुमचा आलाय, हे नशीब समजा."

शालूबाईनं एकच विचारलं, "मग काय करायचं ते सांगा. करतो मी."

"धरलेला खर तसा निघत नाही, पण नवा धरायचा थांबवता येतो. बिडी आजपासून बंद. गोळ्या रोज, आठवल्यावर नव्हे. साखर, ब्लडप्रेशर, चरबी तिन्ही ताब्यात. रोज दोन्ही पायांचे तळवे आरशात बघायचे. आणि हे..." त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "हे पायताण बंद."

बिडीला हंबीरराव कळवळले. पण माझं नाव निघताच टेबल धरून उभे राहिले. "बिडी सोडतो. ह्ये न्हाय. रबराचं दवाखान्यातलं पायताण घालून मी गल्लीतनं जाऊ? लोक काय म्हणतील?"

एवढं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं. आणि मी त्याच माणसाचा अंगठा खाल्ला होता. थट्टेखोर माणसाचं एक वाईट असतं, लाज वाटली तरी कुणाला खरी वाटत नाही.

यातनं वाट काढली ती यल्लाप्पानं. डॉक्टरांकडनं तो मऊ रबराचा जाड तुकडा घेऊन आला आणि त्याचं नवं पायताण केलं. वर आमच्याच कातड्याचे रुंद पट्टे, त्यांवर मीनाबाईची वेणी, आत मऊ रबर, मागं टाचेला पट्टा, आणि अंगठ्याला वादीच नाही. हंबीररावांनी घातलं, चार पावलं टाकली. "वाजत न्हाय."

"वाजत न्हाय आन् चावत बी न्हाय," यल्लाप्पा म्हणाला. "ह्या बारीला खरंच."

जखम भरायला पाच महिने लागले. अंगठ्याचं वरचं पेर गेलं. पाय राहिला. बिडी सुटली, तीनदा परत लागून चौथ्यांदा सुटली. मधल्या काळात बिडीचं बंडल लपवायची जागा मीच होतो, आणि शालूबाई मलाच आधी झटकायची. माझं काय चुकलं?

रोज सकाळी ती पाटावर बसते, नवऱ्याचा पाय मांडीवर घेते आणि हातातल्या आरशात तळवा बघते. पहिल्या दिवशी हंबीरराव लाजून पाय ओढून घेत होते. "अगं, लोक बघत्यात. सोड की."

"बघू देत. माझ्याच कुंकवाचं बघतोय, दुसऱ्याचं न्हाय."

मग ती नव्या पायताणात हात घालून खडा, काटा काही आहे का ते चाचपते. तिथं हात फिरतो तेव्हा मला खुंटीवरनं हेवा वाटतो. माझ्यात कुणी असा हात घातला असता तर मी त्यालाही चावलो असतो, हेही खरं.

आता साल दोन हजार आठ. मी दाराशेजारच्या खुंटीवर. तेल नाही, पाणी नाही, वेणीचे दोन पदर सुटलेत. डाव्याला उंदरांनी कान खाल्लाय, तरी त्याचं काही म्हणणं नाही. हंबीरराव त्रेसष्ट वर्षांचे झाले, निवृत्त झाले. सकाळी तळ्याच्या कडेनं चालून येतात, छातीच्या गोळ्या न चुकता घेतात. डॉक्टर म्हणतात, धोका गेलेला नाही, आवरून धरलाय. आमच्या गल्लीत कुणाला साखर निघाली की हंबीरराव आधी त्याचं पायताण मागून घेतात आणि आत बोट घालून बघतात. काही लोकांना राग येतो. येऊ दे.

माझी तुमच्याकडं एकच विनवणी. नवं पायताण चावलं तर शिव्या घाला, मला सवय आहे. पण अंगात साखर असून ते चावलं नाही, तर मिरवू नका. खाली वाका. वाकता येत नसंल तर आरसा घ्या. आरसाही नसंल तर बायकोला विचारा, तिला आधीच ठाऊक असतंय.

परवा त्यांच्या मुलाचं, राजवीरचं, लग्न ठरलं. काल हंबीररावांनी मला खुंटीवरनं काढलं. धूळ पुसली, तेल चोळलं. नऊ वर्षांनी मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात शालूबाई ओसरीवर आली आणि दारातच थांबली.

"अगं, मांडवात पाचच मिंटं," हंबीरराव पाय पुढं करत म्हणाले. "निस्तं फोटोपुरतं."

"घाला की," शालूबाई म्हणाली. "फोटो तेवढा एकट्याचा आन् मोठा काढून घ्या. हार घालायला बरा पडंल."